तुझा विश्वास कमी पडला नाही, पोरी

अगं, परवा उंद्रीच्या स्टँडवर खामगावच्या गाडीची वाट बघताना तू जे विचारलंस, त्याचं उत्तर चार माणसांत उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. म्हणून आज निवांत सांगते. तू म्हणालीस, "ताई, एवढी प्रार्थना करते, उपास करते, तरी फिट येतेच. ते प्रार्थनेला येणारे भाऊ म्हणतात, गोळी चालू आहे तोवर प्रभू हात लावणार नाही. माझाच विश्वास कमी पडला का?"

सगळ्यात आधी एक कर. आज रात्रीची गोळी घे. बाकीचं मग वाच. फिटची गोळी कुणाच्या सांगण्यावरून एकदम बंद केली, तर आधीपेक्षा मोठी फिट येऊ शकते. एक थांबते न थांबते तोच दुसरी सुरू होते आणि जीवावर बेततं. मी उभं आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून काढलं आणि त्याच आयुष्यात रोज सकाळी पवित्र शास्त्रही उघडलं. दोन्हीकडून मला एकच कळलंय, तेच तुला सांगते: तुझ्या आजाराचा दोष तुझ्यावर नाही आणि तुझ्या विश्वासावर तर नाहीच.

तू विचारलंस त्यातला पहिला काटा तोच आहे ना, दोषाचा? योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढ. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस रस्त्याकडेला बसलाय. शिष्य त्याच्याकडे बघतात आणि येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? बघ, दोन हजार वर्षं झाली, पण प्रश्न अगदी आपल्या ओट्यावरच्या बायांचा आहे. कुणाचं काय बाहेर आलं, कुणाची नजर लागली, आईनं ग्रहणात काय चिरलं. येशूनं ते तिथल्या तिथे मोडून काढलं. याचंही नाही आणि याच्या आईबापाचंही नाही, असं स्पष्ट सांगितलं. तुझी आई आजही स्वतःला दोष देते, मला माहीत आहे. तिला हा अध्याय वाचून दाखव.

आणि तुझ्या मनात दुसरी एक भीती आहे, ती तू बोलली नाहीस, पण मला कळली. मार्काच्या नवव्या अध्यायात फिट येणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. तिथे अशुद्ध आत्म्याचं नाव येतं, म्हणून तुला वाटतं, माझ्यातही तसलंच काही शिरलंय का? तर मत्तयाचा चौथा अध्याय बघ. गालीलात लोक कोणकोणते रोगी घेऊन आले त्याची यादी तिथे शेवटी आहे. त्यात भूतग्रस्त वेगळे लिहिलेत आणि फेफरेकरी, म्हणजे फिट येणारे, वेगळे. शुभवर्तमान लिहिणाऱ्यालाही ही दोन माणसं वेगळी दिसत होती. फेफरं म्हणजे मेंदूतल्या विजेचा काही क्षणांचा गोंधळ. मेंदू आहे म्हणून तो होऊ शकतो. त्यासाठी तुझ्या अंगात कुणी यावं लागत नाही.

आता त्या मुलाच्या गोष्टीकडे नीट बघू. बाप मुलाला घेऊन आलाय. भोवती गर्दी आहे, वाद चाललाय, शिष्यांच्यानं काही झालं नाही म्हणून ते ओशाळलेत. येशू त्या गोंधळात बापाला आधी काय विचारतो? हे याला कधीपासून होतंय. अगं, ओपीडीत डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. आणि बाप सांगतो, लहानपणापासून, आणि कितीदा तर हा विस्तवात पडला, पाण्यात पडला. हे वाचताना मला दरवेळी आपली चूल आणि आपली विहीर दिसते. फिट येणाऱ्या माणसाला खेड्यात खरा धोका कशाचा, तर याच दोन गोष्टींचा. त्या बापाला तो पाठ होता, कारण तो मुलामागे रात्रंदिवस राहिलेला होता.

मग येशू विश्वासाचं बोलतो, आणि तो बाप रडत म्हणतो की विश्वास आहे माझा, पण जो कमी पडतोय त्यातही मला मदत कर. पोरी, येशूनं त्याला परत पाठवलं का? आधी विश्वास पुरा करून ये, मग बघू, असं म्हणाला का? त्या अर्ध्यामुर्ध्या, रडवेल्या विश्वासावरच मुलगा बरा झाला. तू रात्री उशीत तोंड खुपसून जी प्रार्थना करतेस ना, ती याच बापाच्या जातीची आहे. ती चालते.

आणखी एक सांगते. मार्काच्याच दुसऱ्या अध्यायात चौघांनी एका लुळ्या माणसाला बाजेसकट उचलून आणलं. दारात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून ते छपरावर चढले, छप्पर उकललं आणि बाज खाली सोडली. तिथे लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे आणणाऱ्यांचाही. त्या आजारी माणसानं तोंडातून शब्दही काढलेला नाही. मग सांग, बरं न होणाऱ्याच्या पदरात विश्वासाची कमतरता टाकायचा हक्क कुणाला कुठून मिळाला? आजारी माणूस थकलेला असतो. त्याच्या वाटचा विश्वास काही दिवस भोवतीच्यांनी वाहायचा असतो. तुझ्याकडून मोजून मागणाऱ्या त्या भाऊंनी बाजेचा एक कोपरा धरला असता, तर जास्त शोभलं असतं.

आता गोळीचं. आपल्या भागातल्या मंडळ्यांत येशू बरं करतो ही शिकवण खूप खोल आहे, आणि ती कुठून आली हेही तुला ठाऊक असायला हवं. ए. बी. सिम्प्सन या पाळकांनी १८८७ मध्ये अमेरिकेत जे अलायन्स मिशन उभं केलं, त्याच्या लोकांनी वऱ्हाडात अकोला, खामगाव, बुलढाणा, चिखली या बाजूला काम केलं. छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, दुष्काळातल्या पोरक्या लेकरांना त्यांच्या अनाथाश्रमांत आसरा मिळाला. येशूबद्दल ते चार गोष्टी शिकवत: तो तारणारा, तो पवित्र करणारा, तो बरं करणारा आणि तो परत येणारा राजा. त्यातली तिसरी गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांनी घट्ट धरून ठेवली. मीही धरते. आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करताना मी मनापासून मागते, आणि मागितल्यावर माणूस सावरलेला मी पाहिलाय.

पण त्याच येशूच्या नावानं आपल्या भागात दवाखानेही उभे राहिले, हे कसं विसरायचं? वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ मध्ये सुरू झालं. नाझरीन मंडळीच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या बाई सातासमुद्रापलीकडून येऊन तिथे राबल्या. तिकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखान्याचं काम सुरू केलं. परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा मिशन दवाखाना आहे. ही माणसं गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि उठून ऑपरेशन करायची. त्यांना यात विरोध दिसला नाही. कास्तकार मृगाच्या आधी देवापुढे नारळ फोडतो आणि मग बियाणं मातीत घालतोच. नारळ फोडला म्हणून पेरणी सोडत नाही.

शास्त्रातच बघायचं तर लूक वैद्य होता. ज्याच्या हातून आपल्याला एवढं मोठं शुभवर्तमान मिळालं, त्याचा धंदा औषध देण्याचा. पौलानं तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी आणि वरचेवरच्या आजारांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. प्रार्थना कमी पडली, असं नाही म्हणाला. चांगल्या शमरोन्याची गोष्ट तर येशूनं स्वतः सांगितली. त्या शमरोन्यानं जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, माणसाला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेलं आणि पुढच्या खर्चाचे पैसेही देऊन ठेवले. मलमपट्टी, गाडी, खाट आणि बिल, सगळं आलं त्यात! येशूनं ज्याला शेजारी म्हटलं तो हा माणूस. आणि ज्या आंधळ्याचं मी वर सांगितलं, त्याच्या डोळ्यांना येशूनं चिखल लावला आणि शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धू म्हणून पाठवलं. त्याला उठून, चाचपडत, स्वतः चालत जावं लागलं. तुझं दर महिन्याला चिखलीला जाऊन गोळ्या आणणं मला तसंच वाटतं. सांगितलेल्या तळ्यापर्यंत चालत जाणं.

"पण ताई, मग पूर्ण बरं झालंच नाही तर?" हे तू विचारणारच. खरं सांगते, वैद्यकाच्या बाजूनं आशा मोठी आहे. नीट निदान झालं आणि औषध नियमित राहिलं, तर फिट येणाऱ्या दहांपैकी जवळपास सात जणांना फिटशिवाय जगता येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काही वर्षं फिट आली नाही, तर डॉक्टर स्वतः हळूहळू गोळी कमी करायचा विचार करतात. तो निर्णय त्यांचा. पण समज, तू उरलेल्या तिघांत निघालीस, तर?

तर तू पौलाच्या शेजारी बसशील. त्याच्या देहात एक काटा होता. तीनदा विनवलं, निघाला नाही. उत्तर मिळालं ते एवढंच, की कृपा पुरेल. त्याच पौलाला आपला सोबती त्रफिम मिलेतात आजारी सोडून पुढे जावं लागलं. ज्याच्या हातून इतके बरे झाले, त्याला जवळचा माणूस बरा करता आला नाही. आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं, हा प्याला टळू दे, म्हणून मागितलं. टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची हिंमत आहे कुणाची?

आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई घे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, ते स्वतः डॉक्टर व्हायचं मनात धरून. पण ऐकू कमी येत होतं, म्हणून ते शिक्षण हातचं गेलं. तिथेच त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची अशी लाट आली की तिचं नाव परदेशापर्यंत गेलं. एवढं प्रार्थनेचं बळ ज्या घरात, त्या घराच्या धनिणीच्या कानांचं दुखणं मात्र गेलं नाही. १९२१ मध्ये लेक मनोरमाही गेली. तरी रमाबाई मराठी बायबलच्या भाषांतराला बसून राहिल्या, थेट १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत.

त्याच मुक्तीत एक घर होतं, बार्तीमय सदन. बार्तीमय म्हणजे यरीहोच्या वाटेवर बसून येशूला हाका मारणारा आंधळा. लोक गप्प बस म्हणाले तसा तो आणखी मोठ्यानं ओरडला, आणि त्याला दृष्टी मिळाली. रमाबाईंनी हे नाव दिलं ते आंधळ्या मुलींच्या घराला. तिथे त्या मुलींना ब्रेल शिकवलं, विणकाम शिकवलं, टोपल्या विणायला शिकवलं. डोळे आले नाहीत म्हणून कुणी त्यांना विश्वासात कमी म्हटलं नाही. जी पोर घराच्या कोपऱ्यात ओझं म्हणून पडून राहिली असती, ती बोटांनी पवित्र शास्त्र वाचू लागली, आपल्या हातचं कमावू लागली. मी याला येशूचं बरं करणंच म्हणते.

कारण शुभवर्तमानं पुन्हा पुन्हा वाचली की एक दिसतं. येशू रोग काढतो आणि तिथेच थांबत नाही, त्या माणसाला माणसांत आणून बसवतो. कुष्ठरोग्याला त्यानं आधी हात लावला. वर्षानुवर्षं ज्याला कुणी शिवलं नाही, त्याला पहिला स्पर्श त्याचा झाला. मग याजकाला जाऊन दाखव म्हणाला, म्हणजे गावानं परत घ्यावं. बारा वर्षं अंगावर जात असलेली बाई बघ. वैद्यांपायी सगळा पैसा घालवून बसलेली, विटाळाच्या धाकानं मागून हळूच येऊन वस्त्राला हात लावते. बरी झाल्यावर ती तशीच निघून गेली असती. येशूनं तिला सगळ्यांसमोर थांबवलं, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मुलगी म्हणून हाक मारली. चार लोकांत तिचा मान तिला परत दिला. आणि त्याच दिवशी याईराची बारा वर्षांची लेक उठवली, तेव्हा घरचे नुसते थक्क होऊन उभे. येशू म्हणाला, तिला काही खायला द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर त्याला त्या पोरीची भूक आठवली.

म्हणून आता खाण्यापिण्याचं आणि रोजच्या वागण्याचं ऐक. उपास नको. पोट रिकामं आणि झोप अर्धवट, या दोन्हींनी फिट ओढवते. रात्रभराच्या प्रार्थनेलाही तू बसायचं नाहीस. नऊ वाजता प्रार्थना कर आणि झोप, प्रभू रात्रभर जागाच असतो. चुलीपाशी एकटी बसू नकोस. विहिरीवर, शेततळ्यावर एकटी जाऊ नकोस. न्हाणीची कडी आतून लावायची नाही, आईला दाराशी बसव. सोयाबीन सोंगायला गेलीस तर विळा हातात असताना सोबत कुणीतरी असू दे. गोळी चुकू नये म्हणून जेवणाच्या ताटाशीच ठेव. आणि फिट कोणत्या दिवशी, किती वेळ आली ते वहीत लिही, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

घरच्यांना हे शिकव: फिट आली की कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाकाशी धरायची नाही, हातात किल्ल्या कोंबायच्या नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीच घालायचं नाही. दाबून धरायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, गळ्याभोवतीचं सैल करायचं, एका कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन. कुशीवर वळवून जवळ बसलेल्या माणसानं तेवढ्या वेळात मनात प्रार्थना करावी, जरूर करावी.

लग्नाचं तुझ्या आईनं मला हळूच विचारलं होतं. लपवून लग्न करायचं नाही. लपवलेली गोळी सासरी घेता येत नाही, आणि न घेतलेली गोळी घात करते. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात आणि स्पेशल मॅरेज कायद्यात मिरगी, म्हणजे हीच फिट, लग्नाआड येणारी गोष्ट होती. १९९९ मध्ये ती काढून टाकली. फिट येणाऱ्या बाया संसार करतात, त्यांना धडधाकट लेकरं होतात. मात्र लग्न ठरलं की डॉक्टरांना आधी सांग, कारण काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या वेळेवर बदलाव्या लागतात. आणि जे घर ऐकून पाठ फिरवेल, ते तुझं घर नव्हतं.

आणखी एक. भिंतीवर, मोबाईलवर कुणी फिट कायमची घालवतो म्हणून सांगत असेल, तर त्या वाटेला जाऊ नकोस. अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. मन फारच खचलं, रात्र सरत नाही असं वाटलं, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझं दार तर आहेच.

आणि प्रार्थना? ती कर, पोरी, भरभरून कर. बरं कर म्हणून माग, लाजू नकोस, बार्तीमयासारखं मोठ्यानं माग. फक्त ती परीक्षा आहे आणि तू नापास होतेस, असं समजून मागू नकोस. डॉक्टरांच्या हातासाठी माग. गोळीच्या त्या एवढ्याशा तुकड्यावर आशीर्वाद माग. तुझ्यासारख्याच कुणा दुसऱ्या मुलीसाठी माग, तिला शोध, तिच्या आईला फिट आल्यावर काय करायचं ते दाखवून ये. आपल्याच आसपासच्या वस्त्यांत अशी किती लेकरं कोपऱ्यात बसवलेली असतील.

त्या भाऊंना मी स्वतः भेटणार आहे. चढ्या आवाजात बोलणार नाही, त्यांच्याशी बसून मार्काचा नववा अध्याय वाचणार आहे. ते पुन्हा तसं म्हणाले तर तू एवढंच सांग की गोळी घेऊनच मी प्रभूकडे येते आणि तो मला परत पाठवत नाही. पुढच्या तारखेला चिखलीला तुझ्यासोबत मीही येते. वही घे, जुनी चिठ्ठी घे, आणि निघण्याआधी पोटभर जेव.